हात वर, पाय खाली

तोहिद मणेर आमच्या कॉलनीत राहायला आला त्या दिवसापासून आकारामतात्यांचा त्याच्यावर संशय आहे. तसा तात्यांचा संशय सगळ्यांवरच असतो. त्यांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाची गाडी काट्यावर आली की आधी उसाकडं न बघता गाडीवानाच्या तोंडाकडं बघायचं, ही त्यांची पद्धत. निवृत्त होताना काटा कारखान्यातच ठेवून आले, नजर मात्र घरी घेऊन आले. आता गेटाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं वजन करतात. दूधवाला, कुरिअरवाला, मीटर बघायला येणारा, सगळे त्यांच्यासमोरून जाताना उगीचच जरा हळू होतात. मी स्वतः मंडईतून येताना पिशवीचं तोंड उघडं ठेवून चालतो. आत मेथीच असते, पण तात्यांनी बघितल्याशिवाय ती मेथी आहे याची मलाही खात्री वाटत नाही.

अशा माणसासमोरून तोहिद चार फूट लांबीची काळी बॅग पाठीवर टाकून आत शिरला.

"पावणं, ह्यात काय हाय?"

"कीबोर्ड हाय, तात्या."

"कंपूटरचा?"

"वाजवायचा."

"एवढा लांबडा?"

"सहा सप्तकं हायत त्यात."

"सहा कशाला लागत्यात? गाणारा माणूस तीनातच दमतोय की."

"तो दमल्यावर बाकीची तीन मला लागत्यात," तोहिद म्हणाला आणि हसून पुढं गेला.

तात्यांनी मनात नोंद केली. काट्यावरचा त्यांचा अनुभव असा, की झटकन उत्तर देणारा माणूस उत्तर घरूनच घेऊन आलेला असतो.

पुढं पुढं संशयाला खुराक मिळत गेला. सोमवारी तोहिद पांढरा सदरा आणि टोपी घालून बाहेर पडे, कारण कुठल्यातरी उरुसात कव्वाली असे. बुधवारी भगवा फेटा, कारण पोवाड्याचा कार्यक्रम. शुक्रवारी कोट आणि बो-टाय, कारण लग्नाचं रिसेप्शन. आणि मधल्याच एखाद्या दिवशी काळा टीशर्ट, त्यावर कवटी. तात्यांनी एकदा मला बाजूला घेतलं.

"ह्यो माणूस नेमका कुणाचा हाय?"

"सगळ्यांचा आहे. कलाकार आहे."

"सगळ्यांचा असतोय त्यो कुणाचाच नसतोय," तात्या म्हणाले. "आन् ती कवटी कुठल्या धर्मात येती?"

ती कवटी हाच खरं तर तोहिदचा धर्म होता, पण ते कळायला मला पाच-सहा वर्षं लागली.

मणेर म्हणजे बांगड्यांचं घराणं. तोहिदच्या वडिलांचं दुकान होतं आणि मुलगा गल्ल्यामागं बसेल अशी त्यांची समजूत होती. पण ख्वाजाचाचांकडं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाकडं, एक पेटी होती. तिची एक काळी पट्टी, कोमल गंधाराची, वाजत नसे. तोहिद त्या पेटीवर शिकला, त्यामुळं त्या सुराला वळसा घालून पुढं जायची सवय त्याला लहानपणीच लागली. आजही कोमल गंधार आला की तो किंचित दबकतो. लोकांना ती नजाकत वाटते.

कॉलेजात त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी रॉक बँड काढला. नाव 'दणका', टीशर्टवर कवटी. कोल्हापुरात तेव्हा दणका हा शब्द कुस्तीसाठी राखीव होता, त्यामुळं पहिल्या कार्यक्रमाला निम्मे लोक आखाडा कुठंय ते विचारत आले. बँडचे एकूण तीन कार्यक्रम झाले. मग ड्रमवाला सासऱ्याच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेला, गिटारवाला शिक्षक झाला, गाणारा विम्यात गेला. तोहिद एकटा संगीतात राहिला. त्याचं कारण तो स्वतःच सांगतो: "गिटार ही गिटारच असती. कीबोर्डला मात्र लोक काय पण व्हायला सांगत्यात."

आणि तो झाला. तीस वर्षं तो सनई झाला, बासरी झाला, बेंजो झाला, पन्नास व्हायोलिनं झाला. हळदीला ढोलकी आली नाही तर ढोलकीही झाला. शाळांच्या स्नेहसंमेलनात त्यानं वाघाची डरकाळी काढली आहे. स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसला की संगीतकार काचेपलीकडून सांगतो, "तोहिदभाई, हितं आठ मात्रा दुःख द्या, मग हिरॉइन चहा ठेवायला जाती." तोहिद आठ मात्रा दुःख देतो. नववी मात्रा देत नाही. एवढा शिस्तीचा माणूस.

त्याचं नाव मात्र कुठं यायचं नाही. 'आणि साथीदार' एवढीच त्याची छापील ओळख. एकदा भक्तिगीतांच्या कॅसेटवर नाव आलं ते 'तौफिक मणियार' असं. दुसऱ्यांदा एका कॅसेटवर 'तोहफा मणेर'. बायकोनं, शबनूरनं, ती कॅसेट बांगड्यांच्या दुकानात काचेमागं लावली होती. दुकान आता तीच चालवते. गिऱ्हाईक विचारायचं, तोहफा म्हणजे कुठल्या बांगड्या?

आता खरी गोष्ट.

गेल्या दिवाळीनंतर कुरुंदवाडची संयोगिता त्याच्याकडं आली. वय सव्वीस, केस खांद्याच्या वर कापलेले, आवाज असा की माइक फक्त पद्धत म्हणून धरायचा. तिच्या रॉक बँडचं नाव 'गुऱ्हाळ'. जानेवारीत कोल्हापुरात एका कॉलेजच्या मैदानावर त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता आणि तिला कीबोर्डवाला हवा होता. तिच्या बँडचा एकच नियम. स्टेजवर पेनड्राइव्ह नाही. आधी भरून ठेवलेलं वाजवायचं आणि वर नुसती बोटं फिरवायची, हे आजकाल सर्रास चालतं. ते तिच्याकडं चालायचं नाही. "चुकलं तर चुकू दे, पण आपलं चुकलं पाहिजे," असं ती म्हणायची.

तिनं तोहिदला ऐकलं आणि तिथंच ठरवलं. पोस्टरवर नाव येणार होतं. त्या आठवड्यात अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस कवटीचा टीशर्ट घालून दूध आणायला गेला.

आणि तेवढ्यात जयसिंगपूरचा व्हिडिओ आला.

अकरा सेकंदांचा. जयसिंगपुरात एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्रा होता. गायक सम्राट पुढं गातोय, मागं तोहिद. टेबलाला मंडपवाल्यानं जमिनीपर्यंत गुलाबी सॅटिन लावलंय, सोनेरी झालर आणि वर कागदी फुलं. गाण्यात व्हायोलिनांचा मोठा जथा वाजतोय. आणि तोहिदचे दोन्ही हात वर! कानाच्याही वर, पंजे पसरलेले. व्हायोलिनं आपली चालूच. कुणीतरी खाली लिहिलं होतं: 'दोन्ही हात वर, म्युझिक चालू! पेनड्राइव्हचा राजा!!'

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो सकाळी सात वाजता आला. लपवण्यात अर्थ नाही, मीही तो चार जणांना पुढं पाठवला. ग्रुपवरही डोळे वटारलेलं तोंड टाकलं. आपल्या ग्रुपात तोहिदही आहे हे मला सव्वासातला आठवलं.

साडेसातला तोहिदनं ग्रुपवर उत्तर दिलं. दोनच शब्द: 'पाय होता.'

यानं प्रकरण फारच बिघडलं. 'कुणाचा पाय?' असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं 'लवकर बरे व्हा' असं लिहिलं. संध्याकाळी गेटावर तात्या मला म्हणाले, "हात सोडून पायानं व्हायोलिन वाजीवतोय म्हनं. थाप मारावी मानसानं, पर जरा वजनात बसंल अशी तरी मारावी."

चार दिवसांत सगळीकडं तेच. रिसेप्शनवाले फोनवर विचारायला लागले, "तुमी स्वतः येणार की नुसता पेनड्राइव्ह पाठवणार?" आणि रविवारी सकाळी संयोगिता आली. गाडी लावून सरळ जिन्याकडं निघाली. तिचा चेहरा बघून तात्या खुर्चीतून उठले आणि मागोमाग चढले. कुणी बोलावलं नव्हतं. मलाही नव्हतं.

तोहिदचा कीबोर्ड बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर असतो. शबनूरभाभींनी धूळ नको म्हणून त्या टेबलाला पलंगाची मोठी चादर घातली आहे, चारी बाजूंनी फरशीपर्यंत. तात्यांनी आधी चादरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला उगीच मेथी आठवली.

"सर," संयोगिता उभ्यानंच म्हणाली, "पायाखाली पेडल असतं, ते दाबलं की सूर धरून राहतो, हे मला माहितीय. बाकीच्यांना नसेल. पण चालू गाण्यात कीबोर्डवाला दोन्ही हात वर कशाला करेल? मला तेवढंच सांगा."

"सम्राट म्हणाला ना."

"काय म्हणाला?"

"जयसिंगपूरकर, हात वर! असं म्हणाला."

"ते पब्लिकला म्हणाला हो!"

"व्हय की," तोहिद पडेल आवाजात म्हणाला. "ते मागनं कळलं. तीस वर्षं गायक काय म्हणंल ते करतोय मी. वर म्हणला की वर, खाली म्हणला की खाली. हात आपोआप गेले. पाय तेवढा पेडलवर ऱ्हायला."

संयोगिताला हे खरं मानवेना, आणि खोटं म्हणावं इतकं ते हुशारीचंही नव्हतं.

"बरं. एक सांगा. पेनड्राइव्ह कधीच लावला नाही? एकदाही?"

इथं 'छे, कधीच नाही' म्हटलं असतं तर बहुधा मिटलं असतं. तोहिदनं शबनूरभाभींकडं बघितलं. भाभी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"बोलो," त्या म्हणाल्या. "सच्ची बोलो. फिर जो होयेंगा सो होयेंगा."

"एकदा लावला," तोहिद म्हणाला. "तुझ्याच गावात, कुरुंदवाडला. लग्न होतं. सकाळी दुकानाच्या शटरमधी ही दोन बोटं सापडली. काळीनिळी. ऐन वेळेला दुसरा कोण मिळंना. मग मी भरून ठेवलेलं लावलं आणि सदऱ्याची बाही बोटांवर ओढून नुसता हात फिरवत बसलो. दोन तास." तो जरा थांबला. "त्या दिवशी कुणाला शंका आली न्हाई. नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं नेमका हाच हात दाबला आणि म्हणाला, तोहिदभाई, आज बोटात जादू हाय. डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या. त्याला वाटलं, कौतुकानं आलं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. संयोगितानं पर्स खांद्यावर घेतली. तिच्या नियमात 'एकदा'ला जागा नव्हती.

"थांब गं पोरी," आकारामतात्या म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. तात्या कुणाची बाजू घेतात हे कॉलनीत कुणी पाहिलं नव्हतं.

"काट्यावर येनारा परत्येक गाडीवान म्हनायचा, तात्या, आपल्या गाडीत कवाच पाला नसतोय. त्याची गाडी मी दोनदा बघायचो. आन् येखादा म्हनायचा, तात्या, गेल्या साली एक खेप जरा वली आणलीवती. त्याच्या गाडीत कवा काय घावलं न्हाय." मग ते तोहिदकडं वळले. "पर काटा तो काटा. तू वाजीव. ते व्हायोलिनांचंच वाजीव."

तोहिद खुर्चीवर बसला. चपला काढून पाय चादरीत सरकवले. व्हायोलिनं सुरू झाली. त्या बारा बाय दहाच्या खोलीत पन्नास माणसं येऊन बसल्यासारखं झालं. तोहिदचे डोळे मिटले. कोमल गंधार आला, तो दबकला, पुढं सरकला. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते, जणू त्यांचं इकडं लक्षच नाही.

आणि एकदम, काट्यावरनं गाड्यांच्या रांगेच्या शेवटापर्यंत जायचा तसला आवाज काढून, तात्या ओरडले, "हात वर!"

तोहिदचे दोन्ही हात वर गेले. विचार नाही, काही नाही, कळ दाबल्यासारखे गेले. माझेही गेले. संयोगिताचा एक गेला. शबनूरभाभींनी ट्रे वर उचलला तो चहासकट. खोलीत सगळे पोलीस आल्यासारखे उभे, आणि व्हायोलिनं आपली चालूच.

तात्या गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, कुठं काय वाजतंय ते मोजत खाली वाकले. चादर उचलली. आत डोकं घातलं. बराच वेळ त्यांचं फक्त धोतर दिसत होतं.

"अंगठा हाय," आतून आवाज आला. "काळ्या खटक्यावर दाबून धरलाय. तोहिद, पाय उचल."

तोहिदनं पाय उचलला. व्हायोलिनं थांबली.

"ठेव. वाजीव. हात वर. पाय वर."

असं तीनदा झालं. भरलेली गाडी, रिकामी गाडी, परत भरलेली. तात्या बाहेर आले, चष्म्याला जळमट लागलं होतं. संयोगिता मघाशी स्वतःच्याच वर गेलेल्या हाताकडं बघत होती. मग खुर्ची ओढून बसली आणि हसायला लागली. बराच वेळ हसली.

"सर, प्रॅक्टिस बुधवारी," ती म्हणाली. "आणि ही चादर स्टेजवर नाही."

"मैं कब से बोलरी, वो चद्दर निकालो," शबनूरभाभी म्हणाल्या. हे साफ खोटं होतं, पण तात्यांनी सोडून दिलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही अख्खी कॉलनी मैदानावर गेलो. तात्या पहिल्या रांगेत, स्वेटर आणि मफलर घालून. मी शेजारी. दिवस मावळत होता, स्टेजवर दिवे लागले होते, दोन-अडीच हजार लोक असतील. आणि पडदा बाजूला झाला. कीबोर्डच्या टेबलाला जमिनीपर्यंत सॅटिन. या खेपेला जांभळं. तोहिदनं काढायला सांगितलं होतं म्हणे, पण मंडपवाल्यानं ऐकलं नाही. "टेबलाचे उघडे पाय शोभत न्हाईत, भाई. आमचं नाव जातंय."

त्याच्या नावासाठी तोहिदचं नाव पणाला लागलं होतं. आसपासची कुजबुज ऐकू येत होती. "त्योच की रं ह्यो, पेनड्राइव्हवाला." फोन निघाले. लोक गाणं ऐकायला आले होतेच, पण बरेचसे पकडायला आले होते.

पहिली चार गाणी सुरळीत गेली. पाचव्या गाण्यात तोहिदचा एकट्याचा भाग होता. ड्रम थांबले, गिटार थांबली, त्याचे सूर मैदानभर पसरले. संयोगिता तल्लीन झाली. गायक तल्लीन झाला की त्याला कसलंच भान राहत नाही. तिनं माइक ओढला आणि ती ओरडली, "कोल्हापूर, हात वर!"

ओरडल्याबरोबर तिनं तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. अडीच हजार लोकांचे हात वर गेले, आणि मागं, जांभळ्या सॅटिनच्या वर, तोहिदचेही.

सूर चालूच.

"बघ! बघ! म्हणलं नव्हतं?" मागून कुणीतरी किंचाळलं. वर गेलेल्या हातांपैकी निम्म्यांत फोन होते, ते सगळे तोहिदकडं वळले. आता अकरा सेकंद नव्हे, अडीच हजार व्हिडिओ होणार होते. तोहिदला कळलं. हात खाली घ्यावेत की नाहीत हेच त्याला सुचेना. चेहरा असा, की जणू शटर पुन्हा बोटांवर आलंय.

तात्या उठले. मफलर माझ्या मांडीवर टाकला. स्टेजच्या पायऱ्या एकेक करून चढले. कुणी अडवलं नाही, कारण ते इतक्या अधिकारानं चढले की लोकांना वाटलं सत्काराला बोलावलंय. टेबलापाशी गेले, सोनेरी झालर मुठीत धरली आणि सगळं सॅटिन ओढून खाली टाकलं. कागदी फुलं उडाली. आणि दिव्यांच्या उजेडात, साऱ्या कोल्हापूरसमोर, तोहिदचा अनवाणी पाय दिसला. अंगठा काळ्या खटक्यावर घट्ट.

"पाय वर!" तात्या ओरडले. त्यांना माइक लागत नाही.

तोहिदनं पाय वर केला.

सूर तुटला. दोन्ही हात वर, एक पाय वर, कवटीचा टीशर्ट, आणि हा माणूस खुर्चीवर तसाच तोल सावरत बसलेला. मग मागच्या त्याच किंचाळणाऱ्या आवाजानं म्हटलं, "आयला, खरंच वाजीवतोय की!" आणि कुणीतरी हाळी दिली, "पाय खाली!" दुसऱ्यांदा सगळ्यांनी दिली, "पाय खाली!"

तोहिदनं पाय खाली घेतला, आणि त्यापाठोपाठ दोन्ही हात. असा सूर उसळला की स्टेजच्या फळ्या हलल्या. ड्रमवाल्याला राहवलं नाही, तो घुसला, गिटार घुसली. पुढची पाच-सात मिनिटं जे वाजलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. तोहिद ना सनई होता, ना बासरी, ना आठ मात्रांचं दुःख. कीबोर्ड होता. कोमल गंधार तीन-चारदा आला आणि तो एकदाही दबकला नाही. तात्या तोवर स्टेजवरच उभे होते, हातात जांभळं सॅटिन घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोहिद कार्यक्रमाचं पोस्टर गुंडाळी करून घेऊन आला. शबनूरभाभी ते दुकानात लावणार होत्या, तोहफाच्या कॅसेटशेजारी. गेटाजवळ तात्यांनी ते उघडायला लावलं. चष्मा पुसला. खालच्या ओळीत बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. की-बोर्ड, तो-हि-द म-णे-र.

मग परत एकदा वाचलं. मान वर करून बराच वेळ तोहिदच्या तोंडाकडं बघितलं.

"बरोबर छापलंय," तात्या म्हणाले. "हे काय मला खरं वाटत न्हाय."